खाल्ल्या मिठाचा हिशेब

आमच्या देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी चांदीचा एक बिल्ला असायचा. जुन्या रुपयाहून मोठा, वर फीत ओवायची पट्टी. त्यावर घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, हातात आखूड तलवार, घोड्याच्या टापांखाली काहीतरी तुडवलेलं. आजी त्याला खंडोबाच समजायची. रोज पाणी, हळदीचं बोट, चंपाषष्ठीला भंडारा. वर्षानुवर्षांच्या हळदीने त्याच्या कडा बुजून गेल्या होत्या. आजी गेल्यावर मी तो चिंचेच्या कोळाने घासला, तेव्हा कडेवरची इंग्रजी अक्षरं वर आली: एक नंबर, शिपाई हा हुद्दा, पणजोबांचं नाव आणि मराठा पलटणीचा आकडा. उलटून पाहिलं तर मागे पंचम जॉर्जचं डोकं. आजी बिल्ला कायम त्या बाजूवर पालथा ठेवायची. राजा खाली, देव वर.

पणजोबा 'बसऱ्याला गेले होते' एवढंच घरात सांगितलं जायचं. बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर. का गेले, कुणाशी लढले, कुणासाठी लढले, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. पुरंदर तालुक्यातली कोरडवाहू जमीन आणि शिपायाचा महिना ११ रुपये पगार, हे दोन आकडे शेजारी ठेवले की निम्मं उत्तर मिळतं. उरलेल्या निम्म्यासाठी मी गेली काही वर्षं वाचतो आहे आणि असे सिनेमे शोधून पाहतो आहे.

मध्यंतरी पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीत रशीद बुशारेब यांचा २००६ सालचा 'डेज ऑफ ग्लोरी' दाखवला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या उत्तर आफ्रिकी शिपायांची ती गोष्ट. मूळ फ्रेंच नाव 'अँदिजेन', म्हणजे आपल्याकडचा साहेबी शब्द 'नेटिव्ह'. खेळ संपल्यावर चर्चा झाली. मागच्या रांगेतून कॉलेजातला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "ज्यांनी यांना गुलाम केलं त्यांच्यासाठीच हे मेले. मग यांचा अभिमान वाटून घ्यायचा की लाज?" कुणीतरी 'त्या काळाच्या चष्म्यातून पाहायला हवं' असं काहीसं बोललं आणि विषय पुढे गेला. मुलगा मात्र तसाच उभा होता. त्याला उत्तर हवं होतं, आणि तिथे बसलेल्या आम्हा पन्नास-साठ जणांपैकी कुणाकडेही ते नव्हतं.

मी तो प्रश्न घरी घेऊन आलो. आज माझं मत असं आहे की प्रश्न खरा आहे, पण आपण तो चुकीच्या माणसाला विचारतो. वसाहतीतल्या शिपायाला आपण पुन्हा पुन्हा पिंजऱ्यात उभं करतो आणि विचारतो, तुझी निष्ठा कुणाशी होती? ज्याने त्याच्याकडून ती निष्ठा घेतली, वापरली आणि काम झाल्यावर पाठ फिरवली, त्याला मात्र कुणी विचारत नाही. आपले युद्धपटही हाच एकतर्फी खटला चालवतात.

यातून सुटायला हिंदी सिनेमाने एक युक्ती शोधली आहे. २०१९ चा 'केसरी' घ्या. १२ सप्टेंबर १८९७ ला सारागढीच्या चौकीत ३६ व्या शीख पलटणीचे २१ जण हजारो पठाणांशी लढत मेले. त्यांच्या शौर्यापुढे कुणीही मान झुकवेल. पण चौकी ब्रिटिशांची होती, सरहद्द ब्रिटिशांनी आखलेली होती आणि समोरून चाल करून आलेले लोक आपल्या मुलखात शिरलेल्या साम्राज्याशी लढत होते. हे जसंच्या तसं दाखवलं तर आजच्या प्रेक्षकाला टाळ्या वाजवणं अवघड जाईल. म्हणून चित्रपटातला हवालदार ईशर सिंग गोऱ्या साहेबाने केलेल्या अपमानाला उत्तर म्हणून केशरी पगडी बांधतो, आणि साम्राज्याची एक चौकी राखण्याची लढाई गुलामीविरुद्धची लढाई होऊन जाते. जे आपल्या डोंगरांसाठी लढत होते ते खलनायक ठरतात. शिपायाला त्याच्या मरणानंतर सव्वाशे वर्षांनी आपण आपला झेंडा देतो, आणि तो देताना त्याच्या हातात जे होतं ते काढून घेतो.

काय होतं त्याच्या हातात? गुरू ग्रंथसाहिबासमोर घेतलेली शपथ, पलटणीची अब्रू, शेजारच्या गावातून त्याच्यासोबत भरती झालेला गडी, घरी जाणारी मनिऑर्डर. हे देशभक्तीहून हलकं आहे असं मला वाटत नाही. चंद्रधर शर्मा गुलेरींनी १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, 'उसने कहा था' ही कथा लिहिली. त्यातला लहनासिंह फ्रान्समधल्या खंदकात मरतो. तो बादशहासाठीही मरत नाही आणि हिंदुस्थानसाठीही नाही. सुभेदारणीला दिलेला शब्द तो पाळतो, तिच्या नवऱ्याला आणि मुलाला वाचवतो. शिपायाच्या मनात एवढ्या जवळून शिरणं आपल्या किती युद्धपटांना जमलं आहे?

इंग्रजी सिनेमाची तऱ्हा वेगळी. तिथे आपला शिपाई बहुतेक वेळा नसतोच. २०१७ च्या 'डंकर्क'मध्ये तिथे खेचरांवरून सामान वाहणाऱ्या हिंदी कंपन्या दिसत नाहीत, आणि २०१९ च्या '१९१७'मध्ये ट्रकमध्ये एक शीख शिपाई काही मिनिटं दिसला तर एका ब्रिटिश नटाला तेवढंही खटकलं. पहिल्या महायुद्धासाठी हिंदुस्थानातून १३ लाखांच्या आसपास माणसं गेली आणि ७४ हजारांवर मेली. त्यावर आणखी काय बोलावं?

मला जास्त बोलायचं आहे ते एका शब्दाबद्दल. आपण आज 'निष्ठा' म्हणतो. सरकारी भाषेत तेव्हा 'राजनिष्ठा' होती आणि तिच्या उलट 'राजद्रोह', ज्यासाठी टिळकांना १८९७ मध्ये आणि १९०८ मध्ये शिक्षा झाली. पण पलटणीत आणि गावात चालणारा शब्द 'इमान' हा होता. खाल्ल्या मिठाला जागणं. राजनिष्ठा खालून वर जाते, वरच्याने खाली काही द्यायचं बंधन तिच्यात नाही. इमानाचं तसं नसतं. मीठ देणारा आणि मीठ खाणारा, दोघेही एका शब्दाने बांधलेले असतात. ज्याने मीठ दिलं त्याने चाकराच्या म्हातारपणाला, त्याच्या विधवेला, त्याच्या पोरांना वाऱ्यावर सोडायचं नसतं. गावात आजही एखादा मालक जुन्या गड्याला असा सोडून देतो तेव्हा लोक मालकालाच बेइमान म्हणतात.

'डेज ऑफ ग्लोरी' मला मोठा वाटतो तो यासाठी. जहाजावर जेवणाची रांग लागली आहे. काळ्या शिपायाला टोमॅटो नाकारला जातो, तो गोऱ्यांसाठी आहे. कॉर्पोरल अब्देलकादर पुढे होतो आणि टोमॅटोच्या पेट्या बुटांखाली चिरडतो. ज्याला फ्रान्स मनापासून आवडतो, फ्रान्सच्या 'समते'वर ज्याचा विश्वास आहे, असाच माणूस हे करतो. त्याचा राग शत्रूचा नाही, इमान राखणाऱ्याचा आहे. पुढे तो बढतीची वाट पाहतो, ती मिळत नाही. दुसऱ्या शिपायाची फ्रेंच प्रेयसीला लिहिलेली पत्रं सेन्सॉर अडवतो. शेवटी म्हातारा अब्देलकादर साथीदारांच्या थडग्यांवरून एका छोट्या खोलीत परत येतो आणि पडद्यावर अक्षरं येतात: वसाहती स्वतंत्र होण्याच्या बेतात असताना, १९५९ मध्ये, या माजी सैनिकांच्या पेन्शनी गोठवल्या गेल्या. बाजूच्या खंदकातला फ्रेंच शिपाई वाढीव पेन्शन घेत राहिला. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच सुमारास, २००६ च्या सप्टेंबरात, जाक शिराक यांच्या सरकारने हा फरक दूर करण्याचा निर्णय जाहीर केला.

'हे फ्रेंचांसाठी का लढले' हा प्रश्न धरून चित्रपट बनला असता तर हे झालं असतं असं मला वाटत नाही. 'फ्रान्सने यांचं काय केलं' हा प्रश्न धरून तो बनला.

सेनेगलच्या उस्मान सेम्बेन यांनी थिएर्नो फाती सो यांच्यासोबत १९८८ मध्ये काढलेला 'कां द थियारोय' याहून कडक आहे. सेम्बेन स्वतः फ्रेंच वसाहती सैन्यात शिपाई होते. युद्ध संपत आलं आहे, जर्मनांच्या कैदेतून सुटलेले आफ्रिकी शिपाई डाकारजवळच्या छावणीत आले आहेत, आणि त्यांना थकलेला पगार हवा आहे. १ डिसेंबर १९४४ च्या पहाटे फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळीबार केला. सरकारी आकडा तेव्हा ३५ मृतांचा होता, पुढे खुद्द फ्रेंच राष्ट्राध्यक्षांनीच किमान ७० म्हटलं, आणि फ्रान्सने याला कत्तल म्हणायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. चित्रपटात पे नावाचा एक शिपाई आहे. जर्मन छळछावणीत त्याची वाचा गेली आहे. तो आपल्या छावणीची काटेरी तार हाताने चाचपून पाहतो. रात्री पहाऱ्यावर असताना त्याला रणगाडे येताना दिसतात, तो जिवाच्या आकांताने सगळ्यांना उठवतो, आणि कुणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. आपल्याच सैन्याचे रणगाडे आपल्यावर कसे येतील?

हे पुण्यापासून लांबचं वाटत असेल तर खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत एकदा जाऊन यावं. हिरवळीवर पांढऱ्या दगडांच्या ओळी आहेत, दुसऱ्या महायुद्धातली १,६६८ थडगी. तिथेच पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांचीही आठवण नोंदलेली आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी ब्रिटिशांनी आफ्रिकेतून डिव्हिजनच्या डिव्हिजन आणल्या होत्या. त्यांतले काही जण लढाईपासून दूर, या देशात मेले. मी त्या नावांसमोर उभा राहिलो तेव्हा मला एकही नाव नीट उच्चारता आलं नाही. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर पणजोबांच्या मेलेल्या साथीदारांची तर नावंही कोरलेली नाहीत, नुसते आकडे आहेत, हे तेव्हा मनात आलं.

आता पुण्यातली सगळ्यात अवघड जागा. नगर रस्त्याने तासाभरावर, पेरणे फाट्याजवळ, भीमेकाठचा जयस्तंभ. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई. कंपनीच्या बाजूने लढलेली पलटण 'बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री'ची, पुन्हा तोच शब्द. स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत २२ नावं 'नाक' या शेवटाची, महार शिपायांची. दर वर्षी १ जानेवारीला लाखो माणसं इथे येतात, आणि दर वर्षी कुणीतरी विचारतं की परकीयांसाठी लढलेल्यांचा गौरव कसला. मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. ज्या राज्याने ज्या माणसाला माणूस मानलं नाही, त्या राज्याशी त्याने इमान राखायचं कशाच्या आधारावर? मीठ कुणी दिलं होतं? राष्ट्र नावाची वस्तू १८१८ मध्ये कुणाच्याच डोक्यात आजच्या अर्थाने नव्हती, पेशव्यांच्याही नाही.

पण गोष्ट इथे थांबवली तर कंपनीला फुकटचं श्रेय जातं. ज्यांची नावं दगडावर कोरली त्यांच्याच वंशजांना इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात भरतीचं दार बंद केलं. लढवय्या जातींचं नवं शास्त्र आलं होतं, त्यात महार बसत नव्हते. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध लेखणी उचलली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला या स्तंभापाशी आले. त्यांचे वडील रामजी सुभेदार याच सैन्यातले. तेव्हा त्या स्तंभाकडे मी राजनिष्ठेचा पुरावा म्हणून पाहत नाही. मला तो कर्जरोखा वाटतो. आम्ही आमचा शब्द पाळला, आता तुम्ही तुमचा पाळा. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. यावर चित्रपट काढायचा तर स्तंभावर नावं कोरली जात आहेत इथून सुरू व्हावा आणि भरतीच्या दारातून सुभेदाराचा नातू परत पाठवला जातो आहे, तिथे त्याचा मध्यंतर यावा.

याला एक आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. हाच शिपाई आपल्याच लोकांवर बंदूक चालवत होता. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत डायरने हुकूम दिला, पण ज्या ५० बंदुका चालल्या त्या गुरखा, शीख, बलुची हातांत होत्या. पडद्यावर हा प्रसंग येतो तेव्हा कॅमेरा बहुतेक डायरच्या चेहऱ्यावर असतो आणि शिपाई नुसती एक रांग असते. त्यांचे चेहरे दाखवायला आपण घाबरतो. मला वाटतं दाखवावेत. चेहरा दाखवला म्हणजे माफी दिली असं होत नाही. पोटासाठी आणि इमानासाठी माणूस कुठपर्यंत जातो, आणि कुठे थांबतो, हे त्या चेहऱ्याशिवाय कळणार नाही. कारण थांबणारेही होते. २३ एप्रिल १९३० ला पेशावरला, किस्साख्वानी बाजारात, गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंह गढवालींनी आणि त्यांच्या जवानांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी चालवायला नकार दिला आणि त्यापायी चंद्रसिंहांनी जन्मठेप आणि काही जवानांनी वर्षानुवर्षांची कैद ओढवून घेतली. गणवेश तोच, मीठ तेच. आदल्या रात्री त्या बराकीत काय बोलणं झालं असेल, यावर एक अख्खा चित्रपट उभा राहील.

आझाद हिंद सेनेवर सिनेमा काढणं त्या मानाने सोपं. शिपायाने राजा सोडला आणि देश निवडला, प्रेक्षकाला कुठे टाळी वाजवायची ते कळतं. पण त्याच युद्धात ब्रिटिशांच्या गणवेशातले हिंदी सैनिक २५ लाखांवर गेले होते. त्यांत नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव होते. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी साथीदारांना गोळ्यांच्या वर्षावात पाण्यातून पार नेलं, हात जखमी झाला तेव्हा बंदूक टाकून हातबॉम्बने मशीनगनची ठाणी उडवली, आणि मग बांधावर उघड्यावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. पलटणीची घोषणा 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'. छातीवर नंतर व्हिक्टोरिया क्रॉस लागला तो इंग्लंडच्या राजाचा, आणि इटलीच्या त्या बांधावर नाव घेतलं गेलं ते महाराजांचं. ही घोषणा साहेबांनी चालू दिली कारण तिने शिपाई लढत होता, हेही तितकंच खरं. माणसाच्या एका घशात दोन राजे राहू शकतात. त्यातला एक कापून काढला की सिनेमा सोपा होतो आणि माणूस खोटा.

हिशेबाची ही भाषा पुण्याला नवी नाही. १९१८ मध्ये गांधीजी खेड्यापाड्यांत सैन्यभरतीसाठी फिरत होते. मंडालेहून सहा वर्षांची शिक्षा भोगून आलेल्या टिळकांनी त्यांच्याकडे ५० हजारांचा चेक पाठवला. म्हणणं असं, की हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपद मिळेल असं वचन तुम्ही सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून ५ हजार गडी देतो, नाही देऊ शकलो तर हे पैसे तुमचे. गांधीजींनी चेक परत केला, मदत करायची तर सौदा करून करू नये असं त्यांना वाटत होतं. गांधीजींची भूमिका उदात्त होती. पण पोरं ज्यांची मरणार होती त्यांच्या बाजूने विचार केला तर मला टिळकांचं पटतं. कितीही वर्षं नोकरी केलेला सुभेदार कालच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटपुढे सॅल्यूट ठोकत होता. अब्देलकादरला जी बढती मिळाली नाही तीच टिळक आगाऊ मागत होते.

आणि म्हणून मला जो चित्रपट पाहायचा आहे त्याचं नाव आपल्या शहराचंच आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली ती सहावी डिव्हिजन, जिला सैन्यात 'पूना डिव्हिजन' म्हणत. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढा चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. बरेच हिंदी शिपाई ते मांस शिवेनात. मग धर्मगुरूंच्या परवानग्या हिंदुस्थानातून मागवल्या, तरी कितीतरी जण उपाशीच राहिले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, १३ हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, बहुसंख्य हिंदी. पुण्यात कितीजणांना हे ठाऊक आहे? शाळेत मला कुणी सांगितलं नाही. पणजोबा त्याच काळात बसऱ्याला होते. बिल्ल्यावर साल नाही, नुसतं १९१४ आणि १९१८, त्यामुळे एवढ्यावरच थांबावं लागतं.

या चित्रपटात नायकाला भाषण देऊ नका. तिरंगा देऊ नका. जेजुरीच्या भंडाऱ्याची एक पुडी त्याच्या खिशात असू द्या, आणि भाकरीऐवजी पुढ्यात आलेलं घोड्याचं मांस. शरणागतीनंतर जनरल टाउनसेंड यांना तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर नेलं. तिथे ते बंगल्यात आरामात राहिले. त्यांच्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, आणि जे जगले त्यांतल्या पुष्कळांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर लावलं. बेटावरच्या बंगल्यातला व्हरांडा आणि रुळांवर खडी टाकणारे ते हात, हे दोन्ही एकापाठोपाठ पडद्यावर येऊ द्या. आणि मग मागच्या रांगेतल्या त्या मुलाला पुन्हा उभं राहू द्या, बेइमान कोण, हे विचारायला.